पाण्यातून गेलेली हद्द

"ती बाई तुम्हाला घरात घेईल, कॉफीही देईल. बोलणार मात्र नाही," हॅरल्ड म्हणाला आणि त्याने गाडी सरळ तळ्यावर घातली.

मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. खाली पाणी, वर हात-दीड हात बर्फ, आणि वाट कळावी म्हणून दोन्ही बाजूंना बर्फात रोवून ठेवलेल्या पाइनच्या फांद्या. आमच्या बार्शीत उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरायचं नाही, आणि इथे आम्ही पाण्यावरून गाडी हाकत होतो.

"त्या बोलत नसतील तर मी बोलेन," मी म्हटलं. "बोलायला मला कुणाची मदत लागत नाही, असं आमचे डॉक्टर म्हणतात."

"डॉक खरं बोलतो," हॅरल्ड म्हणाला.

हॅरल्ड लिंडक्विस्ट आमच्या गावचा महापौर. महापौर म्हणजे फार काही समजू नका. हार्डवेअरचं दुकान चालवता चालवता तो गावही चालवायचा. माझं नाव मालन, पण त्याने पहिल्याच दिवशी त्याचं 'मेलन' केलं, म्हणजे चक्क खरबूज, आणि मी कितीदा सुधारलं तरी ते खरबूजच राहिलं.

गोष्ट एकोणीसशे ऐंशी सालच्या हिवाळ्यातली. मिनेसोटाच्या पार उत्तरेला केटल नॅरोज नावाचं गाव. दोन तळी, त्यांना जोडणारं चिंचोळं पाणी, आणि त्या पाण्याच्या पश्चिम काठावर कागदाची गिरणी, एक मोठा रस्ता, चार चर्च आणि एक इस्पितळ. माझे यजमान, डॉ. दिगंबर गरड, त्या इस्पितळात तीन वर्षांच्या करारावर आले होते. गावाच्या वेशीवर हिरवी पाटी होती आणि तिच्यावर गावाच्या नावाखाली माणसांचा आकडा लिहिलेला होता. मला त्याची फार गंमत वाटायची. आमच्याकडे असा आकडा वेशीवर टांगला असता तर म्हाताऱ्यांनी गावाला दृष्ट लागेल म्हणून त्याच्याखाली लिंबू-मिरची बांधली असती.

त्या हिवाळ्यात मात्र गंमत संपली. इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग एका जुन्या लाकूड-व्यापाऱ्याच्या दानावर चालत होता. त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की, जनगणनेत गावची वस्ती पाच हजारांच्या वर असेल तोवरच हे पैसे मिळतील. गिरणीतलं एक मोठं यंत्र बंद पडलं आणि कुटुंबंच्या कुटुंबं दक्षिणेला निघून गेली. एप्रिलच्या मोजणीत वस्ती कमी भरणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. विश्वस्तांनी आधीच सांगून टाकलं होतं, आकडा भरला नाही तर मे महिन्यात विभागाला कुलूप.

आणि माझे दिवस जूनमध्ये भरणार होते.

दुसरं बाळंतपणाचं इस्पितळ अडीच तासांवर. 'एवढं काय त्यात' असं गावातल्या बायका म्हणायच्या. त्यांना म्हणू दे. माझं पहिलं बाळंतपण सासरच्या गावी अडलं, बार्शीला नेताना जीप वाटेत बंद पडली, आणि मुलगा हाती लागला नाही. रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली. तेव्हापासून कुणी मला इस्पितळ अमुक तासांवर आहे असं म्हटलं की मला ती बाभळ दिसायची. या खेपेला मी रस्त्यावर निघणार नव्हते. मग त्यासाठी अख्खं गाव वाढवावं लागलं तरी चालेल, असं मी ठरवलं होतं.

गाव वाढवायचा एकच मार्ग होता. चिंचोळ्या पाण्यापलीकडे जमिनीची एक जीभ तळ्यात शिरली होती. तिला म्हणायचे फिन पॉइंट. तिथे फिनलंडहून आलेल्यांची दोन-तीन पिढ्यांची वस्ती. समोर दिसायची, धुरांडी मोजता यायची, पण गावात धरली जायची नाही, कारण गावची हद्द पाण्याच्या मधोमध होती. पॉइंट गावात सामील झाला तर आकडा सहज भरत होता. मार्चमध्ये त्यांच्या सभागृहात सभा भरून निर्णय व्हायचा होता. आणि तिथे आयली निस्कानेन नावाची बाई जे म्हणेल ते होणार, असं सगळे सांगत होते. हॅरल्ड दोनदा जाऊन हात हलवत परत आला होता. तेव्हा मी म्हटलं, मला न्या.

आयलीबाई सत्तरीच्या पुढच्या. उंच, ताठ, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी आम्हाला टेबलाशी बसवलं, काळी कॉफी ओतली आणि त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या.

मी सुरू झाले. इस्पितळाचं सांगितलं, नळाचं सांगितलं, रस्त्यावरच्या दिव्यांचं सांगितलं. गाव म्हणजे काय, शेजारधर्म म्हणजे काय, सगळं सांगून झालं. आयलीबाईंनी माझ्या पोटाकडे एकदा बघितलं.

"कितवा?"

"पाचवा महिना."

"पहिलं?"

"दुसरं," मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. पहिलं कुठे आहे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारायचा. त्यांनी नाही विचारला.

पलीकडच्या गावाकडे बघत त्या म्हणाल्या, "ती हद्द आम्ही नाही आखली."

हॅरल्डने कपात मान घातली. गाडीत त्याने मला सांगितलं होतं. फार वर्षांपूर्वी गिरणीत मोठा संप झाला. संपात पुढे होते ते फिनिश कामगार. कंपनीने त्यांना भर थंडीत घरांतून बाहेर काढलं, ते पाणी ओलांडून या जिभेवर आले, आणि पुढे गावची हद्द आखताना ती बरोब्बर पाण्यातून नेली गेली. आयलीबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्या दिवसापासून त्यांनी गावात पाऊल टाकलं नव्हतं. गाव समोर दिसत असूनही.

मी उठले, शाल सावरली आणि दारात सवयीने म्हटलं, "बरं, येते मी." म्हणजे इंग्रजीत म्हटलं, पण शब्द तोच.

"कधी?" आयलीबाईंनी विचारलं.

मला वाटलं, चला, बाईंना विनोद तरी कळतो. "लवकरच," मी हसून म्हटलं आणि गाडीत बसले.

घरी यांना सगळा वृत्तांत सांगितला. हे पाय शेकत बसले होते.

"मालन, तू उगीच जीव आटवतेस," हे म्हणाले. "विभाग बंद झाला तर तुला मेच्या आधीच ह्यूस्टनला पोहोचवतो. नाहीतरी करार संपला की जुलैत आपण चाललोच आहोत. तिथे अण्णांचं घर आहे, ऊन आहे, भाजीत कढीपत्ता आहे."

"सातव्या-आठव्या महिन्यात एवढा लांबचा प्रवास? मी नाही करणार."

"मग त्या म्हातारीला पटव."

"पटवते की," मी म्हटलं. अण्णा म्हणजे यांचे थोरले भाऊ. ह्यूस्टनचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं, अगदी उत्साहाने. तिकडे दवाखान्यात यांची जागा पक्की झाली होती. इथल्या थंडीला मी रोज शिव्या द्यायचे आणि हे रोज त्यात भर घालायचे. बाळंतपण इथे उरकायचं आणि मग या गावाला रामराम, एवढा साधा हिशेब होता माझा. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

पंधरवड्याने मी हॅरल्डच्या दुकानात खिळे आणायला गेले, तर त्याने मला गल्ल्यामागे बोलावलं.

"मेलन, तुम्ही आयलीला काय सांगून आलात?"

"काय सांगून आले?"

"पॉइंटवरची माणसं येतात ना दुकानात. ती म्हणतात, डॉक्टरची बायको येते म्हणाली आणि आलीच नाही. आयली रोज ब्रेड भाजते आणि खिडकीत बसते."

"मी कुठे म्हटलं येते म्हणून?"

"म्हणालात. मी तिथेच होतो. तिने कधी विचारलं, तुम्ही लवकरच म्हणालात."

"अहो, ते निघताना म्हणतात!"

"निघताना येते म्हणतात?"

"मग काय जाते म्हणायचं?" मी कावूनच विचारलं.

हॅरल्ड माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या मागे टांगलेल्या करवती आणि कुऱ्हाडीसुद्धा माझ्याकडे बघताहेत असं मला वाटलं. मग माझं मलाच हसू आलं, आणि पाठोपाठ ओशाळल्यासारखं झालं. एक म्हातारी बाई माझ्या निरोपाच्या शब्दावर रोज पीठ मळत होती.

मी खिळे तिथेच ठेवले, गाडी काढली आणि पहिल्यांदा एकटीने तळ्यावर घातली. पाइनच्या फांद्यांच्या मधून, पहिल्या गिअरमध्ये, मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत. पलीकडे पोहोचले तेव्हा मला वाटलं, आता या गावात मला भिववील असं काही राहिलेलं नाही.

दार ठोठावायच्या आतच उघडलं. आत सगळ्या घरभर वेलदोड्याचा वास. मी दारातच थबकले. बाहेर उणे वीस, आणि आत आमच्या दिवाळीच्या शंकरपाळ्यांचा वास. आयलीबाईंनी वेणीसारखा विणलेला गोड ब्रेड कापून माझ्यापुढे ठेवला. फिनिश लोक ब्रेडमध्ये वेलदोडे घालतात हे मला तेव्हा कळलं.

"उशीर झाला," मी म्हटलं. "माझी चूक नाही, माझ्या भाषेची आहे. आमच्यात दारात उभं राहून 'जाते' म्हणत नाहीत. 'जाते' म्हणणं अशुभ. माणूस गेला म्हणजे मेला. म्हणून आम्ही सगळे 'येते' म्हणून निघतो. मुंबईच्या विमानतळावर माझ्या तोंडून 'जाते' निघालं, तर आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. 'येते म्हण' म्हणाली. तेव्हा कुठे हात काढला."

आयलीबाईंनी कॉफी ओतली. मी, आश्चर्य म्हणजे, नुसती ब्रेड खात राहिले.

"माझा मुलगा, एइनो," त्या म्हणाल्या, "दारात उभा राहून म्हणाला, मी जातो. पश्चिमेला, रेल्वेत. गेला. तो खोटं बोलला नाही."

"परत कधी..."

"नाही." त्यांनी ब्रेडचा दुसरा तुकडा माझ्या बशीत ठेवला. "जातो म्हणणाऱ्याची वाट बघता येत नाही. तुझी बघता आली. मला बरं वाटलं."

या बाईंनी मला एका शब्दाचा जाब विचारला नव्हता, उलट त्या शब्दाने त्यांना काहीतरी दिलं होतं, आणि मला ते ठाऊकही नव्हतं. मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आयलीबाईंना बहुधा त्याची सवय नव्हती, पण त्यांनी हात झिडकारला नाही.

त्यानंतर मी दर आठवड्याला जात राहिले. सामील व्हा, हे मी पुन्हा एकदाही म्हटलं नाही. म्हणावंसं वाटलंच नाही. मी त्यांना बाभळीखाली काय झालं ते सांगितलं. मराठीतसुद्धा मी ते कुणाला नीट सांगितलं नव्हतं. त्यांनी मला बाळाचे मोजे विणायला शिकवलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. माझ्या हातून निघालेला मोजा बघून त्यांना हसू आवरेना. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

मार्चमध्ये एका दुपारी पॉइंटच्या लाकडी सभागृहात सभा भरली. हॅरल्डने मला आणि यांनाही बोलावलं होतं, आम्ही आमची गाडी घेऊन गेलो. सगळा पॉइंट लोटला होता. हॅरल्ड बोलला आणि अगदी वाईट बोलला. घाम पुसत पुसत त्याने पाण्याच्या नळांची लांबी सांगितली.

टोइवो नावाचा एक धिप्पाड म्हातारा मागून उठला. "यांना आम्ही नको आहोत, आमची डोकी हवी आहेत. एप्रिलमध्ये मोजतील आणि मेमध्ये विसरतील. चांगले दिवस होते तेव्हा हद्द पाण्यात होती. आता नड आली तर आमच्या दारापर्यंत येते आहे."

सभागृहात पाय आपटल्याचे आवाज झाले. त्या लोकांची टाळी ती. मला कळून चुकलं की गणित फिसकटलं. कारण तो म्हणत होता ते खरंच होतं, आणि मी स्वतःही त्याच मोजणाऱ्यांतली होते.

मग आयलीबाई उठल्या.

"ही डॉक्टरची बायको," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "दर आठवड्याला बर्फ ओलांडून माझ्याकडे येते. पहिल्या दिवशी तिला आमची डोकी हवी होती. नंतर ती नुसती येत राहिली. मला तिला एकच विचारायचं आहे. हद्द ओलांडून आम्ही तुमच्यात आलो, तर पुढच्या हिवाळ्यात तू इथे असशील?"

सगळी डोकी माझ्याकडे वळली. यांनी माझा हात दाबला आणि मराठीत हळूच म्हणाले, "मालन, विचार करून बोल."

विचार करायला होतं काय? 'नाही' म्हटलं तर सभा तिथेच मोडली असती. 'हो' म्हणून जुलैत निघून जाणं मात्र माझ्या हातून होणार नव्हतं. माझा शब्द खरा धरून पीठ मळणारी बाई समोर उभी होती. माझ्या डोळ्यांपुढून ह्यूस्टनचं ऊन गेलं, अण्णांच्या घरामागची कढीपत्त्याची झाडं गेली. आणि मला स्वच्छ कळलं की मला ती नको आहेत. म्हणजे हवी होती, पण याच्याहून जास्त नव्हती.

"असेन," मी म्हटलं.

"आणि त्याच्या पुढच्या?"

"तेव्हाही."

आयलीबाईंनी मान हलवली, जागेवर बसल्या आणि बसल्या बसल्या हात वर केला. मग त्यांच्या शेजारच्या बाईने केला. मग एकेक करत सगळीकडे हात वर येऊ लागले. टोइवोने सगळ्यांत शेवटी केला, पण केला.

परत येताना यांनी तळ्याच्या मधोमध गाडी थांबवली.

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"अर्थात म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

हे बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. रागावायचा हक्क यांचाच होता.

"ह्यूस्टनला काय कळवू?"

"कळवा, बायको ऐकत नाही."

"ते त्यांना पटेल," हे म्हणाले. मग गाडी सुरू केली. "एक वर्ष, मालन. मग बघू."

"बघू की," मी म्हटलं. त्या 'बघू'त यांची अख्खी डॉक्टरकी झाली. मी मेलो तर मला इथेच ठेवा, असं पुढे हे हॅरल्डला दुकानात जाऊन सांगून आले होते, ते निराळंच.

एप्रिलमध्ये मोजणी झाली. आकडा भरला, विभाग राहिला, वेशीवरची पाटी नवी आली. ती पाण्यापलीकडे, पॉइंटच्या टोकाला लागली.

जूनमध्ये त्या विभागात माझी मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती आवळली होती. यांनी आणि परिचारिका डोरोथीने काय काय केलं मला कळलं नाही, फक्त यांचा चेहरा पांढराफटक पडलेला दिसला, आणि मग ती रडली. गाडीत, रस्त्यावर, ती रडली नसती, हे यांनी मला फार पुढे सांगितलं. मी मात्र त्याच क्षणी ओळखलं होतं. मी तिला छातीशी धरून ढसाढसा रडले, दोघांसाठी मिळून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ कुशीत घेऊन पडले होते, तेव्हा दाराबाहेर डोरोथीचा आवाज आला. ती नियमाला पक्की होती. पहिले दोन दिवस नात्यातल्या माणसांखेरीज ती कुणाला आत सोडायची नाही. हॅरल्डलासुद्धा तिने बाहेरूनच पिटाळलं होतं.

"आपण नात्यातल्या आहात का?" ती विचारत होती.

"नाही."

मी उठून बसले. तो आवाज पाण्याच्या अलीकडे मी कधीच ऐकला नव्हता.

"मग क्षमा करा, बाई. आपलं यांच्याशी नातं काय, ते सांगितल्याशिवाय..."

"आम्ही एका गावच्या आहोत," आयलीबाई म्हणाल्या.

डोरोथी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. दार उघडलं. आयलीबाईंनी उंबऱ्याशी वाकून बूट काढले, भिंतीला लावून नीट ठेवले आणि अनवाणी आत आल्या.